सुतळीची खाच

नूतनच्या पुढच्या दाताला खाच होती, आणि ती सायकलवरून पडल्यामुळे आली असं तिने कॉलेजात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. धुळ्यात दातांची डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी रावेरकडे केळीच्या बागेत मजुरीला जायची, हे कशाला कुणाला कळायला हवं? त्यापेक्षा सायकल बरी. सायकलवरून कुणीही पडतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजने सहा आठवड्यांचं संशोधन प्रशिक्षण काढलं, तेही ज्यांच्या घरात आजवर कुणी डॉक्टर झालं नाही अशाच मुलामुलींसाठी. दातांच्या डॉक्टरांत खेड्यापाड्यातली माणसंही यावीत, हा हेतू. शेवटी मुंबईहून समिती येणार आणि एकाला वर्षभराच्या संशोधनासाठी निवडणार. ती जागा नूतनला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. पहिल्या दिवशी सराव म्हणून मुलांनी एकमेकांचे दात तपासले. मैत्रीण रूपलने नूतनचा फॉर्म भरला. खाचेचं कारण: सायकलवरून पडून.

मग रावेर तालुक्यातल्या शंभर मजूर बायकांचे दात तपासायचं काम निघालं. पहिल्या बारा जणींत पाच जणींच्या पुढच्या दाताला तशीच खाच. नूतनला कारण पाठ होतं. तरी तिने मुकाट्याने 'घासण्याची चुकीची पद्धत' या रकान्यात खूण केली, पाचही वेळा. तेरावी बाई तिची आईच होती, सुनंदाबाई. तिने पदर बाजूला करून तोंड उघडलं. नूतनने फॉर्मकडे बघत विचारलं, ही खाच कशाने पडली.

"मले काय इचारते?" आई म्हणाली. "एका हातात घड, दुसऱ्या हातात पिशवी. सुतळी दातानं नाही तोडणार तं कशानं तोडणार? तुह्याबी दाताले इचार."

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी तिला आईचा राग आला, मग स्वतःचा, आणि संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर त्या फॉर्मचा. डाग पडू नयेत म्हणून उन्हात केळीच्या घडांना सुतळीने पिशव्या बांधायच्या या बायकांनी, आणि वर दात घासता येत नाहीत असं लिहून घ्यायचं तेही त्यांनीच! दुसऱ्या दिवशी तिने पाचही खुणा खोडल्या आणि प्रत्येकीला कामाचं विचारायला सुरुवात केली. शंभरात एकेचाळीस जणींना खाच निघाली. त्यातल्या एकोणचाळीस जणी वर्षानुवर्षं पिशव्या बांधणाऱ्या.

मार्गदर्शक भूपेंद्र सर माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त समितीला फार घाबरायचे. फॉर्मात सुतळीचा रकाना नाही, तेव्हा सगळ्या 'चुकीच्या पद्धती'तच टाक, असं त्यांनी सांगितलं. वर आपुलकीने म्हणाले, "आणि शनिवारी समिती येतेय, त्याच्या आत तो दात भरून घे. मीच भरून देतो. दातांची डॉक्टर आणि तुटका दात, बरं दिसत नाही."

महिनाभरापूर्वी ती हरखून गेली असती. आता म्हणाली, "दोन्हीला नाही, सर."

मग जागा विसर, असं सरांनी शांतपणे सुनावलं. त्या रात्री नूतन रडली, खोटं कशाला बोला. पण सकाळी दात घासताना आरशात खाच दिसली आणि रडू थांबलं.

शनिवारी ती समितीपुढे उभी राहिली. आकडे सांगून झाले. समितीतल्या एका बाईंनी चष्मा वर करून विचारलं, या बायका पडल्या नसतील कशावरून? पडूनही दात तुटतात.

सर खाली बघत होते. नूतनने पर्समधून हातभर सुतळी काढली, दोन्ही हातांनी ताणून दातात धरली आणि ओठ मागे ओढून सगळ्यांना दाखवली. सुतळी खाचेत चपखल बसली होती. सुतळी तशीच दातात धरून ती टेबलापाशी गेली, तिथल्या गठ्ठ्यातून रूपलने भरलेला आपला फॉर्म काढला, आणि सगळ्यांसमोर 'सायकलवरून पडून' यावर रेघ मारली. मग सुतळी काढून म्हणाली,

"इथे खोटी मी होते, मॅडम. मी पडले नव्हते. त्याही पडलेल्या नाहीत. जागा द्या नाहीतर देऊ नका, हा दात आता मी भरणार नाही."