जीभ असलेली पाणवाटी

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या वाटीला जीभ असलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मला आहे. आता ती थोडी सैल झाली आहे, तिच्या खालची स्प्रिंग कुरकुरते. पण दाबली की अजूनही पाणी येते.

गोठ्याच्या भिंतीला बसवतात त्यातली मी एक लोखंडी पाणवाटी. गायीने तहान लागली की नाकाने माझी जीभ दाबायची, की आतली झडप उघडते आणि नळाचे पाणी माझ्या पोटात येते. तिने नाक उचलले की पाणी बंद. काम एवढेच. पण एवढ्याशा कामात मी एकदा कशी चुकले, आणि ती चूक माझी नव्हती हे कोणी ओळखले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर पडले, काळी, खरखरीत, अंगभर वाळू. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासले. मग त्याने हातमोजा काढला आणि उघडे बोट माझ्या काठावरून सावकाश फिरवले. शेजारचा म्हणाला, "अहो, झाली की गुळगुळीत. किती लाड?"

"मोज्याला गुळगुळीत लागते," म्हातारा म्हणाला. "ओठ कापला तर गायीचा कापेल, तुझा नाही." आणि त्याने मला पुन्हा घासायला घेतले.

माझ्यासारख्या बाराजणी एका खोक्यातून गोठ्यात आलो. त्या घरात तिघे होते. आई, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलाला सगळे दादा म्हणत. आम्ही येण्याआधी आई दोन बादल्यांनी बारा गायींना पाणी पाजत, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बादलीच्या कडीने त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते. प्रत्येक गायीपुढे बादली ठेवून ती पिऊन होईपर्यंत त्या उभ्या राहत आणि तिच्याशी बोलत.

आम्हाला भिंतीवर पाहून त्या म्हणाल्या, "आणि मग मी काय करू?"

"आराम कर," दादा म्हणाला.

"आराम केला की माझी कंबर दुखते."

त्याने आईंसाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही आणले होते. गोठ्याची फरशी सदा ओली. आई आयुष्यभर त्यावर अनवाणी चालल्या होत्या. त्यांनी बूट चढवले, चार पावले टाकली आणि म्हणाल्या, "बदक झालंय माझं." सूनबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावे लागले. पण लेकाने हौसेने आणलेले, म्हणून आईंनी ते बूट रोज घातले.

मी होते अगदी शेवटच्या कोपऱ्यात. माझ्या वाट्याला एकच गाय आली. तिचे नाव लाजरी. पहिल्यांदा माझी जीभ दाबली गेली तेव्हा पाण्याचा सर्रकन आवाज झाला आणि ती अशी दचकली की तिचा खुंटा हलला. दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग आईंनी माझ्या जिभेवर भिजवलेल्या कोंड्याचा छोटा गोळा थापला. लाजरीने तो चाटला, जीभ दबली, पाणी आले. तिने पुन्हा चाटले. तिसऱ्या दिवशी ती माझ्यात नाक खुपसून डोळे मिटून पाणी पीत होती, आणि आई पलीकडच्या गायीला सांगत होत्या, "बघ, लाजरी शिकली. तू कधी शिकणार?"

ते दिवस आठवले की माझे गंजलेले अंग अजून हलके होते. दुधात मुख्य असते ते पाणीच. दोन वेळा बादलीची वाट पाहणाऱ्या गायी आता वाटेल तेव्हा पिऊ लागल्या, आणि दूध वाढले. आसपासचे लोक आम्हाला बघायला येत. मग आई पुढे होत, माझी जीभ दाबून दाखवत आणि जणू त्यांनीच मला घडवले असावे अशा थाटात म्हणत, "हिला काही सांगावं लागत नाही." मला तेव्हा काय वाटायचे, काय सांगू.

दोन वर्षे अशी गेली. मग जुना पंप बिघडला. दादाने नवा आणला. पाण्याचा दाब कमी झाला की आपोआप सुरू होणारा. तो त्याने माझ्यामागच्या भिंतीपलीकडे स्वतःच बसवला. दादाचा हात कसबी होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता. गोठ्यात हात पुसत त्याने सांगितले, "वायरमनची वाट कोण बघणार? एका तासात जोडला. एक हिरवी तार तर उरलीसुद्धा, गुंडाळून ठेवली."

दुसऱ्या दिवशी लाजरीने माझी जीभ दाबली. पलीकडे पंप घुमू लागला, आणि माझ्या अंगातून मुंग्यांची रांग धावल्यासारखे झाले. लाजरीने झटक्यात मान मागे घेतली. तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, ते पाहणे मी विसरलेले नाही.

ती पुन्हा आली. पुन्हा तेच. पंपापासून माझ्यापर्यंत लोखंडी नळ होता, पुढे बाकीच्या अकराजणींकडे प्लॅस्टिकचा. त्यामुळे त्या मुंग्या माझ्यापाशीच थांबत. हळूहळू लाजरी नुसते आपल्या जिभेचे टोक बुडवी, दोन थेंब घेई आणि मागे सरके. ज्या ओठांसाठी म्हाताऱ्याने माझा काठ पुन्हा पुन्हा घासला, त्याच ओठांना मी चटके देत होते. आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हते.

तिचे दूध निम्म्यावर आले. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, काही नाही. दादाने रबरी बूट घालून माझी जीभ चारदा दाबली. "पाणी तर धो धो येतंय. हिचंच काहीतरी बिनसलंय." अखेर त्याने एका गिऱ्हाइकाला बोलावले. गुरुवारी तो लाजरीला घेऊन जाणार होता.

बुधवारी संध्याकाळी आईंनी माळ्यावरची जुनी बादली काढली. "जायच्या आधी एकदा माझ्या हातचं पिऊन जाऊ दे," असे म्हणत त्यांनी ती लाजरीपुढे ठेवली. लाजरीने एका दमात बादली रिकामी केली. तळ चाटला. आईंनी दुसरी आणली. तीही संपली.

"ही आजारी नाही रे," आई म्हणाल्या. "तहानेली आहे."

"लाडावलीस तू तिला," दादा म्हणाला. "वाटीत पाणी असताना बादली हवी. नखरे आहेत."

दारात सूनबाई तीन महिन्यांच्या बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या होत्या. "नखरे कसले? बाळाला पाजायला घेतलं की मलाच घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस होतो. ती तर एवढं दूध देते. समोर पाणी असून कोण तहानेलं राहील?"

"मी स्वतः बघितलंय ना. चार वेळा हात लावला."

"बूट घालून," सूनबाई हसून म्हणाल्या. "ती काय बूट घालून पिते?"

त्या थट्टेने बोलल्या होत्या. पण आई हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या, एक बूट ओढून काढला, मग दुसरा. ओल्या फरशीवर, लाजरीच्या अगदी शेजारी त्या अनवाणी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझी जीभ दाबली.

पाणी आले. पंप घुमला. आईंचा हात झटकन मागे आला.

 आईंनी लाजरीच्या मानेवर हात ठेवला. "इतके दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "इतके दिवस सांगत होतीस ग."

दादा बूट काढायला वाकला, पण आईंनी त्याला अडवले. "तू नको. पंपाचं बटण बंद कर आधी. आणि ती उरलेली तार कुठे गुंडाळलीस ते सांग."

दादाचा चेहरा पडला.

सकाळी वायरमन आला. तीच हिरवी तार जमिनीत जोडायची असते, म्हणजे पंपातून झिरपणारी वीज नळात न येता जमिनीत जाते, हे त्याने दादाला समजावले. रबरातून वीज जात नाही, म्हणून बूट घातलेल्याला ती जाणवत नाही, हेही सांगितले. मग तो आईंकडे वळला. "मावशी, वीज थोडीच झिरपत होती म्हणून वाचलात. पुन्हा असा हात लावायचा नाही. मला बोलवायचं." मित्रांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा. विजेची शंका आली की मोठ्यांना सांगा. स्वतः हात लावू नका.

गिऱ्हाईक आले, चहा पिऊन परत गेले. लाजरी चार दिवस माझ्याजवळ फिरकली नाही. मी तिला दोष दिला नाही. पाचव्या दिवशी आईंनी पुन्हा कोंड्याचा गोळा थापला.

तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. पाणी आपोआप येत असले तरी सकाळी कोणीतरी एकजण गोठ्यात उभे राहायचे आणि प्रत्येक गाय नाक बुडवून, गळा हलवत पिते ना, हे पाहायचे. आई गेल्या त्या वर्षापर्यंत तो एकजण म्हणजे त्याच होत्या. त्यांचे बूट अजून दाराशी खिळ्याला उलटे टांगलेले आहेत.

आता माझ्या बहिणी मोडीत गेल्या. गोठ्यात स्टीलचा लांबच लांब हौद आहे. कोणती गाय किती पाणी प्यायली ते तो मोजतो आणि फोनवर कळवतो. तो सुरू झाला त्या दिवशी वायरमनने यंत्र लावून सगळे तपासले. तो गेल्यावर दादा हौदाच्या काठावर बसला. कानांजवळचे केस पांढरे झालेत त्याचे. त्याने बूट काढले, शेजारी नीट ठेवले, ओल्या फरशीवर पाय टेकले आणि पाण्यात हात घातला. बराच वेळ तसाच बसून राहिला.

"बाबा, फोनवर दिसतंय की सगळं," लेक म्हणाली. खांद्यावरचे ते बाळ आता बापाएवढे उंच झाले आहे.

"दिसतं ग," दादा म्हणाला. "पण फोन बूट घालून बसलाय."

मला मात्र त्यांनी मोडीत दिले नाही. गोठ्यालगतच्या वासरांच्या खोलीत, अगदी खाली, त्यांच्या नाकाच्या उंचीवर बसवले आहे. म्हणून जाता जाता एक सांगते, मित्रांनो. तुमच्याकडचे एखादे जनावर, किंवा एखादे लहान भावंड, समोर ठेवलेले नाकारू लागले तर लगेच त्याला हट्टी म्हणू नका. थोडे त्याच्या जागी उभे राहून पाहा. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूंकडेही अधूनमधून लक्ष द्या. आम्ही बिघडलो तर ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही.

थांबा, कोणीतरी आले आहे. काल जन्मलेले नाही, आठवड्याचे असावे. लाजरीच्या नातीचे वासरू. ओले नाक माझ्या जिभेवर टेकवून ते विचार करते आहे. दारात सूनबाई उभ्या आहेत, हातात कोंड्याचा छोटा गोळा घेऊन. त्यांना घाई नाही. मलाही नाही.