सोजरबाईची बारी

सोजरबाई ज्वारीची धसकटं वेचत होती, तेव्हा बांधावरून तीन पांढरेशुभ्र शर्ट येताना तिला दिसले. चैत्र जवळ आला की हे शर्ट उगवायचेच, त्यामुळे तिला काही नवल वाटलं नाही. पुढे पुतण्या रणजित, मागे दोघं. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात साडीची पिशवी. कात्रजच्या पलीकडे डोंगराला टेकून असलेली वाघजाईवाडी महापालिकेत गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात घरपट्टी शहराची झाली, प्यायचं पाणी मात्र टँकरचंच राहिलं. बाकीच्या रानांत सोळा-सोळा मजले उगवले आणि सपाट म्हणावं असं सोजरबाईचं सव्वा एकर तेवढं उरलं. जत्रेतले फुटबॉलचे सामने तिथंच व्हायचे, म्हणून वर्षातून एकदा गावाला तिची आठवण यायची.

रणजित जत्रा कमिटीचा अध्यक्ष. तोही शेतकऱ्याचाच पोरगा, पण आता नवव्या मजल्यावर राहायचा आणि चिखल फक्त गाडीच्या टायरला लागलेला बघायचा. त्यानं वाकून नमस्कार केला, नारळ पुढे केला आणि रविवारी फायनल ठेवल्याचं सांगितलं. सोबत रंगीत पत्रिकाही दिली. सोजरबाई सातवी शिकलेली होती. तिनं पत्रिका उन्हाला धरून सावकाश वाचली.

वर ठळक अक्षरांत 'वाघजाईचं इनाम', त्याखाली पोरांच्या विजेत्या संघाला एक लाख अकरा हजार एकशे अकरा. शिवाय ढाल, शिवाय प्रत्येकाला बूट. सौजन्य गावचेच बिल्डर दिग्विजयशेठ, त्यांचा फोटो देवीच्या फोटोहून बोटभर मोठा. खाली अगदी कडेला, छापखान्याला जागा उरली म्हणून घातल्यासारखी ओळ होती: मध्यंतरात मुलींचा प्रदर्शनीय सामना, वेळ दहा मिनिटं, प्रत्येक खेळाडूला स्टीलचा डबा देऊन ओटी भरण्यात येईल.

"पोरी काय डब्यात गोल घालणार हायत का?" सोजरबाईनं विचारलं.

रणजित हसला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला. मुलींचा मान ठेवलाय, ओटी काय पोरांची भरतात का, म्हणाला. शेठ पैसे देतात ते बघणाऱ्यांकडं बघून. पोरींचा खेळ बघायला येतंय कोण?

"दहा मिन्टं ठेवलाय, तेबी लोक चहाला गेल्यावर," सोजरबाई म्हणाली. "मंग कोण बघणार, बुजगावणं?"

रणजितनं विषय रानाकडे वळवला. मग रान दिलं ना, एवढं विचारलं. सोजरबाईनं नारळ ठेवून घेतला, साडीही ठेवून घेतली आणि म्हणाली, रान कुठं जातंय, हाय तिथंच हाय. रणजितला तो होकार वाटला. तारीख ठरवताना त्यानं आमदारांना विचारलं होतं, शेठना विचारलं होतं, हवामान खात्यालाही मोबाईलवर विचारलं होतं. भाऊकीच्या विहिरीवर रविवारी पाण्याची बारी कुणाची, एवढं मात्र त्याला विचारायचं सुचलं नाही.

सोजरबाईला हे सगळं इतकं झोंबायचं कारण म्हणजे तिची लेक तनुजा. तनुजा गावातल्या पोरींच्या संघाची गोलकीपर आणि कप्तान. या पोरींना सरावाला कोरडी जागा कधी मिळालीच नाही, ती पोरांची. मग त्या ओढ्याकाठच्या भाताच्या खाचरात घोटा-घोटा चिखलात खेळायच्या. तशाच खेळत त्यांनी शहरातले चार संघ हरवले आणि त्यांना राज्याच्या लीगमध्ये जागा मिळाली. महिनाअखेर प्रवेशाचे आणि प्रवासाचे पैसे भरायचे होते, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि घरात स्पष्ट ठरलं होतं: लीग झाली तर तनुजा खेळेल, नाही झाली तर वैशाखात लग्न. मावशीनं आणलेलं स्थळ तयारच होतं, मुलगा हिंजवडीत कामाला. त्याची एकच अट होती, की हे चेंडूचं खूळ बंद.

तनुजा दिग्विजयशेठच्या ऑफिसात दोनदा जाऊन आली होती. शेठनी थंडगार पाणी दिलं, मुलींना पुढं आणलं पाहिजे यावर पाऊण तास भाषण दिलं आणि शेवटी सांगितलं की फ्लॅट बाप्ये घेतात, पोरींच्या जर्सीवर नाव टाकून एक बाथरूमसुद्धा विकलं जायचं नाही. पण रिकाम्या हातानं कशाला पाठवायचं, म्हणून बक्षीस समारंभात ढालीची तबकं धरायला सहा मुली नऊवारीत उभ्या करा असं सुचवलं. तनुजा घरी येऊन रडली नाही, नुसती हातमोजे धूत बसली. तेच सोजरबाईला जास्त लागलं.

शेजारची जाऊ शालन, तिला वेगळीच काळजी. पोरी उघड्या पायांनी पळतात, सोळा मजल्यांवरून लोक बघतात, पुढं पदरात कोण घेणार?

"शालन, भात लावताना आपण लुगडं कुठवर खोचतो गं?" सोजरबाई म्हणाली. "तवा कुणाची संस्कृती वाहून गेल्याली मी तरी बघितली नाय. पोरीच्या पायाला चेंडू लागला की मातूर पूर येतो."

शालन हसायला लागली, कारण तीस वर्षं दोघींनी शेजारी शेजारी भात लावला होता.

राहिला नवरा संपत. संपत कमिटीत होता, म्हणजे सतरंज्या मोजायला होता. रणजित येऊन गेला त्या संध्याकाळी जेवताना त्यानं नेहमीची गोष्ट काढली, कारण जत्रा आली की ती त्याच्या पोटात मावायचीच नाही. वाघजाईच्या आखाड्याचा जुना रिवाज असा की, पैलवानानं हात वर करून तीन फेऱ्या मारायच्या. तेवढ्यात समोरून लढायला जोड उठला नाही तर इनाम त्याचं. संपत विशीत असताना समोरचा पैलवान जिलबी खाऊन पोट धरून बसला, संपतनं तीन फेऱ्या मारल्या आणि फेटा घरी आणला. आयुष्यात तेवढी एकच कुस्ती त्यानं मारली होती आणि तीही न खेळता. सोजरबाईनं ही गोष्ट लग्नापासून पस्तीस वेळा ऐकली होती. त्या दिवशी मात्र तिचा घास हातातच राहिला आणि तिनं ती पुन्हा एकदा नीट सांगायला लावली.

रविवारी फटफटताना वीज आली तशी तिनं मोटार चालू केली, खोरं घेतलं आणि दारं धरून पाणी रानात सोडलं. पाणी रानभर पसरत गेलं आणि उन्हाळ्यानं भेगाळलेली जमीन गटागटा प्यायली. आठ वाजता गोलपोस्टाचे खांब पाण्यात उभे होते.

रणजित आला तेव्हा त्याचे पांढरे बूट बांधावरच थांबले. काकी, हे काय केलं, असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याचा आवाज फाटला.

"गुरांना कडवळ पेरायचंय," सोजरबाई म्हणाली. "ओल नको का? रविवारी माझी बारी असती. तुझा बा असता तर त्याला ठावं असतं."

दहापर्यंत माणसं जमली. मांडव भरला, सोळा मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या, सगळ्यांचे मोबाईल वर. फायनलचे दोन्ही संघ आले, पण गावचे म्हणवणाऱ्या संघात गावचे तिघंच, बाकी रोजावर आणलेले. त्यांनी चिखल बघितला, आपले नवे बूट बघितले आणि पाय मुरगळला तर पुढच्या मॅचचे पैसे कोण देणार असं विचारलं. दुसऱ्या संघानंही उतरायला नकार दिला. दिग्विजयशेठ मोबाईलवर कुणावर तरी ओरडत होते. आमदार अर्ध्या वाटेवर होते.

तेवढ्यात अकरा पोरी बूट काढून रानात उतरल्या. घोट्याएवढा चिखल त्यांना घरच्यासारखा होता. तनुजानं आईकडे बघितलं, चेंडू काखेत धरला, एक हात वर केला आणि कडेकडेनं चालायला लागली. पहिली फेरी लोकांना कळली नाही. दुसऱ्या फेरीला म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. मांडवाच्या कोपऱ्यात हलगी घेऊन बसलेल्या साईनाथचे हात आपोआप चालू झाले, आणि माईकवर बसलेला बद्रीनाथ, जो चाळीस वर्षं कुस्त्या पुकारत होता, तो सवयीनं पुकारून गेला, "हाय का कुणी जोड?"

कुणी उठलं नाही. त्यानं तीनदा पुकारलं. रोजावरचे खेळाडू बांधावर बसून बूट पुसत होते.

तिसरी फेरी संपली तसा रणजित माईकपाशी धावला. हा फुटबॉल आहे, कुस्ती नाही, तो रिवाज इथं लागत नाही, असं तो सांगायला लागला. बद्रीनाथनं पत्रिका हातात धरून शांतपणे विचारलं की, वर वाघजाईचं इनाम असं छापलंय ते कुणी छापलं.

मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. सतरंज्यांच्या ढिगावरून संपत उठला.

"रणजित, ह्या पोरींचं इनाम खोटं, तर माझा फेटा खोटा," तो म्हणाला. "आन् तुझ्या भिंतीवरचा तुझ्या बाचा बी खोटा. त्यालाबी जोड उठला नव्हता. मी व्हतो तिथं."

रणजितच्या नवव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बापाचा तो फेटा भिंतीवर काचेच्या पेटीत होता, खाली दिवा लावलेला. रणजित माईकपासून मागं सरला. गॅलऱ्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या. दिग्विजयशेठनी वर बघितलं. त्यातले शंभर-दीडशे मोबाईल त्यांच्याच फ्लॅटधारकांचे होते. शेठना हिशेब लगेच समजतो. त्यांनी पुठ्ठ्याचा दारभर मोठा चेक उचलला, हसत हसत चिखलात उतरले आणि पहिल्याच पावलाला बांधालगतच्या पाटात गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना बाहेर तनुजानंच ओढलं. सोजरबाईनं तोंडाला पदर लावला, पण तो हसू लपवायला नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मग अकरा पोरी आपापसातच दोन बाजू करून पाऊण तास खेळल्या आणि एकही माणूस चहाला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला: महिला फुटबॉलला दिग्विजयशेठ यांचा भक्कम आधार. फोटोत शेठ, रणजित, आमदार आणि आमदारांचा भाचा. चेकच्या एका कोपऱ्यावर चिखलानं भरलेला हातमोजा तेवढा दिसत होता. सोजरबाईनं तो कागद डाळीच्या डब्याखाली घातला. खरा चेक मात्र वटला, पोरी लीगला गेल्या, आठ संघांत पाचव्या आल्या आणि हिंजवडीचं स्थळ दुसरीकडे गेलं.

पुढच्या फाल्गुनात तेच शर्ट बांधावरून आले. या खेपेला रणजितनं नारळ पुढे करायच्या आधीच विचारलं, "काकी, औंदा तुमची बारी कवा हाय?"

सोजरबाईनं हात पुढे केला. रणजितनं पत्रिकेचा कच्चा कागद दिला. पोरांना एक लाख एकावन्न हजार. पोरींना अकरा हजार, आणि डब्याच्या जागी आता कुकर.

तिनं कागदाची घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवली.

"फायनल कवा हाय?"

"अजून ठरवायचीय, काकी. तुमाला इचारूनच ठरवू म्हनलं."

"मंग ठरवा की निवांत," सोजरबाई धसकटं वेचायला वाकत म्हणाली. "तुमी म्हनाल त्या दिवशी माझी बारी. बाकीच्यांनी रानं इकली, आन् शालननं बी तिची मला दिलीया."