म्हातारी, मेजर आणि मेव्हणा

मेजरांनी अर्धं आयुष्य एकाच जातीच्या हेलिकॉप्टरवर काढलं होतं. लष्करी तळावर सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. म्हातारी सुरू झाली की आधी कुत्री पळत, मग अधिकारी. आत बसलेल्याचे दात, बरगड्या आणि विचार एकदमच खुळखुळत. तरी मेजरांचा तिच्यावर जीव होता, आणि त्यांच्या मेव्हण्याचा त्याहून जास्त. हा बायकोचा धाकटा भाऊ त्याच तळावर मेकॅनिक होता. म्हातारीच्या पोटाखाली आडवं होऊन गळती शोधणं, हाच त्याचा संसार.

मग वरून हुकूम आला. म्हाताऱ्या सगळ्या मोडीत, नवी हेलिकॉप्टरं येणार. रात्री जेवताना दोघांनी शपथ घेतली.

"दाजी, त्या खेळण्याला मी हात लावणार नाही."

"आणि मी त्यात बूड टेकवणार नाही!" मेजर गरजले.

"बूड सरकारचं आहे," बायको भाजी वाढत म्हणाली. "ते सांगतील तिथे टेकवावं लागेल."

टेकवावं लागलंच. प्रशिक्षणाला मेजर तोंड वाकडं करून नव्या यंत्रात चढले. ते जमिनीवरून कधी उठलं, कळलंही नाही. दरीवर वारा आडवा आला तर आपलं आपण सावरलं. शेजारचा प्रशिक्षक साध्या आवाजात बोलत होता, आणि चक्क ऐकू येत होतं. म्हातारीत ओरडून ओरडून मेजर घरी मीठ मागतानाही हल्ला चढवल्यासारखे बोलत.

"कसं वाटलं, सर?"

"ठीक आहे," मेजर म्हणाले आणि हळूच विचारलं, "अजून एक चक्कर मिळेल का?"

घरी मात्र नाक मुरडलं. "काही दम नाही. नुसता पंखा आहे." मेव्हण्याची छाती फुगली. बायको नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

"आज चहा बशीत नाही सांडला तुमचा. हातही थरथरत नाहीत. आणि मघापासून गुणगुणताय."

मेजरांनी ताबडतोब चहा सांडला, पण उशीर झाला होता.

"फितूर!" मेव्हणा ताडकन उठला. त्या दिवसापासून अबोला. काही सांगायचंच झालं तर ताईमार्फत.

निरोपाच्या दिवशी म्हातारीला शेवटचं उडवायचा मान मेजरांना मिळाला. मागे मेकॅनिक म्हणून मेव्हणा बसला, तोंड फिरवून. खाली पांढऱ्याशुभ्र गणवेशात जनरलसाहेब माईकवर सांगत होते, "या यंत्राने आपल्याला कधीही दगा..." तेवढ्यात म्हातारी डोक्यावरून गेली आणि साहेबांच्या छातीवरची पदकं काळ्या तेलात न्हाऊन निघाली.

मेजरांसमोर लाल दिवा लागला. मागून मेव्हणा अबोला विसरून किंचाळला, "दाजी, उतरवा! आत्ताच्या आत्ता!"

मेजरांनी तिला बँडच्या मधोमध उतरवलं. ढोलवाला ढोल टाकून पळाला.

मेव्हणा सवयीने पोटाखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मेजर वाकून बघू लागले. गिअरबॉक्सच्या कवचाला बोटभर तडा गेला होता. तसं कवच आता जगात कुठे बनत नव्हतं. मेव्हणा त्या तड्यावरून अंगठा फिरवत होता.

"अजून थोडं उडलो असतो ना," तो बसक्या आवाजात म्हणाला, "तर ताईला एकदमच दोघांसाठी रडावं लागलं असतं." मग नाक पुसून म्हणाला, "पुरे झालं, दाजी. हिला आता ओढू नका."

मेजरही आत सरकले. निरोपाचा गणवेश तेलात बरबटला. दोघे तिथेच पडून राहिले, आणि बाहेर साहेबांना पुसायला माणसं धावत होती.

पुढच्या आठवड्यात मेव्हणा नव्या यंत्राखाली सरपटला. सगळीकडे चाचपलं, बोट कोरडंच. चिडून बाहेर आला. "हिला काही दुखतच नाही. मी करू काय?"

"कुठे दुखतंय ते ती स्वतःच पडद्यावर सांगते," प्रशिक्षक म्हणाला.

"न विचारता?"

"न विचारता."

"म्हणजे अगदी आमच्या ताईसारखी," मेव्हणा म्हणाला आणि बाह्या वर सारून पडद्यासमोर बसला.