उत्तर नेहमी तेरा

सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, एक उभी, आणि दोन्ही जिथे छेदल्या तिथे ठसठशीत टिंब देऊन शेजारी ‘घर’ असं लिहिलं. संध्याकाळची शेवटची बॅच होती. घसा केव्हाच बसला होता, आणि दिशा-अंतराची गणितं शिकवून शिकवून जीव नको झाला होता.

“एक माणूस घरून निघतो. पूर्वेला आठ किलोमीटर जातो, डावीकडे वळून बारा, पुन्हा डावीकडे वळून तीन. आता तो घरापासून सरळ रेषेत किती लांब आहे? नुसते बाण काढत बसू नका, गोंधळ होतो. पूर्व आणि उत्तर अधिक, पश्चिम आणि दक्षिण उणे. आठातून तीन गेले...”

“तेरा,” पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. तिची वही अजून मिटलेलीच होती.

“कसं काढलंस?”

“काढलं नाही, सर. तुमचं उत्तर नेहमी तेराच असतं. आधीच्या बॅचने सांगून ठेवलंय, सरांच्या पेपरात वेळ संपत आला की डोळे मिटून तेरावर खूण करायची.”

वर्ग खदखदून हसला. सरही हसले. मग त्यांनी कालचं गणित आठवून पाहिलं. बारा पश्चिम, पाच दक्षिण. परवाचंही तेच, फक्त वळणं वाढवलेली. पोरगी खोटं बोलत नव्हती.

हे तेरा कुठून आले ते त्यांना ठाऊक होतं. कालव्याच्या रस्त्याने उत्तरेला बारा, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे पाच, की ताईचं घर. ती तिकडे राहायला गेली तेव्हा सरांनी ते अंतर गंमत म्हणून वर्गात घातलं होतं, आणि वर्गमूळ नेमकं सुटल्यावर त्यांना कोण आनंद झाला होता. पुढे आई गेली. “तिचं एवढं बिघडलंय हे मला कळवलं का नाहीस?” असं ताईने सगळ्यांदेखत विचारलं. “तू तिकडे लांब जाऊन बसलीस, तुला काय कळवायचं?” सर म्हणाले. शब्दाला शब्द वाढला. त्यानंतर त्यांनी टाकीपाशी वळण घेतलं नव्हतं. त्यांच्या गणितांतली माणसं मात्र रोज तेवढंच अंतर तोडत होती.

आज दुपारी बायकोचा फोन आला होता.

“अहो, ताईंना उद्या दाखल करणार आहेत. हृदयाचं ऑपरेशन आहे, काही सांगता येत नाही म्हणतात. आज जाऊन येऊ या.”

“मी आहे तिथेच आहे,” सर म्हणाले होते. “लांब ती गेली.”

बायकोने फोन ठेवला होता.

“सर,” चष्मेवालीचं अजून संपलं नव्हतं, “शून्य घराशीच धरायचं असा नियम आहे का? तो पोचला तिथे धरलं तर?”

“धर की. काही अडत नाही.” सरांनी टिंब पुसलं, पाच-बारापाशी नवीन दिलं आणि दोन्ही रेघा तिथून ओढल्या. “आता घर कुठे आलं? उणे पाच, उणे बारा. वर्ग केला की उणे जातं. अंतर तेवढंच.”

एवढं बोलून ते खडू हातात धरून तसेच उभे राहिले. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, दोन्हीकडून उणे झालेलं ‘घर’ पडलं होतं. इतकी वर्षं पोरांना हे समजावलं, पण ताईच्या दारातून आपण कुठे दिसतो हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. वाईटही वाटलं.

“बाकीचं उद्या,” ते म्हणाले आणि फळा न पुसताच बाहेर आले.

जिन्यातच त्यांनी फोन लावला.

“तयार राहा. पटकन जाऊन येऊ, तेरा तर किलोमीटर आहे.”

“रस्त्याने सतरा पडतं,” बायको म्हणाली. “आणि मी दुपारपासून तयारच आहे.”

दार ताईनेच उघडलं. चांगलीच वाळली होती. भिंतीला हात टेकून ती त्यांच्याकडे पाहत राहिली. चपला काढायला वाकलेले सर वाटेत जुळवलेलं वाक्य आठवत होते, पण ते काही केल्या आठवेना.

“फार लांब राहायला गेलास रे,” ताई म्हणाली.

“हो,” सर म्हणाले. “गेलो खरा.”

ती दारातून बाजूला झाली.