बिनपायांचं गाऱ्हाणं

शर्मिष्ठाबाईंनी बत्तीस वर्षं कणकवलीत जीवशास्त्र शिकवलं, पण इतका ढ वर्ग त्यांना कधी मिळाला नव्हता. आणि हा वर्ग चाळीस ते सत्तर वयाचा होता.

धामापुरातल्या त्यांच्या वाडीची मंडळी पोफळीच्या बागेतला पाट साफ करायला जमली होती. कामाआधी देवाला घालायच्या गाऱ्हाण्याचा नारळ अजून तसाच होता, तोवर कुणीतरी उगाच एक दगड हलवला. खालून वीतभर लांब, काळसर, गुळगुळीत काहीतरी वळवळत बाहेर आलं. सत्यवानाने फावडं उगारलं.

"दुतोंड्या!" त्याची बायको यशोदा किंचाळली. "दोनय बाजूंनी चावता!"

बाई मध्ये आडव्या पडल्या. म्हणजे अगदी खरोखर, चिखलात, नेसत्या साडीनिशी.

"अरे, हा साप नव्हे! देवगांडूळ आहे हे. बेडकाचं भाऊबंद!" शिकवायला लागल्या की बाई शुद्ध मराठीत शिरत.

"बेडकाक पाय असतत, बाई," सत्यवान म्हणाला.

"ह्यांच्या घराण्यात नसतात!"

त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात, ते वाळवी खातं, डायनासोरांच्या काळातही त्याचे पूर्वज मातीत होते, हे सगळं बाईंनी सांगून पाहिलं. वर्ग ढिम्म. आयुष्यभर ज्याच्या चित्रावर बोट ठेवून शिकवलं, तो जीव आज पहिल्यांदा समोर आला होता आणि आता त्याची चटणी होणार होती. बाईंना रडूच फुटणार होतं, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष नारळाकडे गेलं.

"सत्यवाना, गाऱ्हाणा घातलंस?"

"नाय अजून."

"मगे? देवाक न सांगता कामाची सुरवात जीव घेवन करतलंस?"

मंडळी चुळबुळली. सत्यवानाचं गाऱ्हाणं तीन वाड्यांत नावाजलेलं. एकदा तो सुरू झाला की कुणाच्या बापासाठी थांबायचा नाही. त्याने फावडं ठेवलं, नारळ घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"ह्या बागेत जी काय दोन पायाची, चार पायाची तुझी लेकरा आसत..."

"बिनपायाची!" चिखलातून बाई ओरडल्या.

रंगात आलेल्या सत्यवानाने आलेला शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"...आणि बिनपायाची आसत, तेंका कोणाचो हात लागू नये, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे एका सुरात गरजले. यशोदा सगळ्यांत मोठ्याने.

नारळ फुटला. सत्यवानाने डोळे उघडले, फावड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाई, तुमी माका फसवलात."

"मी एकच शब्द सांगितला. बाकीचं तू बोललास."

आता काय करणार? स्वतःचंच गाऱ्हाणं मोडलं तर पुढच्या खेपेला 'होय' कोण म्हणणार? यशोदेने मुकाट्याने घमेलं आणलं. सत्यवानाने देवगांडूळ ओल्या मातीसकट उचललं आणि बागेच्या दमट कोपऱ्यात हळूच सोडलं. ते तोंड मातीत खुपसतंय तोच शेजारची तलंग कोंबडी मान ताणून धावत आली.

"हाड्! हाड्!" सत्यवान टोपी फेकत ओरडला. "म्हाराजाक शब्द दिलोसा आमी!"

मंडळी धावली. बाई चिखलात बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या. आणि ते देवगांडूळ, आपल्याच चालीने, कसलीही घाई न करता, सबंध मातीत जाईपर्यंत वाडीतली सोळा मोठी माणसं एका कोंबडीसमोर हात पसरून उभी होती.