मोजे वाळवणारी फ्यूजपेटी

मित्रांनो, मी एक जुनी फ्यूजपेटी आहे. या घरातल्या प्रत्येकाचा जीव माझ्या हाती आहे. डोंगरउतारावरचं हे पाइनच्या फळ्यांचं घर, त्यातलं म्हातारं जोडपं, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुली, कोनाड्यातला बाळ येशू, या सर्वांच्या आणि सर्वनाशाच्या मध्ये मी एकटी उभी आहे.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं, की अनेक वर्षं माझ्या हँडलवर ओले मोजे लटकत असत.

त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. फिलिपीन्सच्या डोंगरातल्या आमच्या बागियोत धुकं खिडकीतून आत येऊन पाहुण्यासारखं बसतं. धुतलेले कपडे वाळत नाहीत, नुसते म्हातारे होतात. अशा गावात जी वस्तू कोमट असेल तिच्यावर मोजा पडतो. मी कोमट होते. का होते, हे कोणी विचारलं नाही. मांजर कोमट लागतं तेव्हाही कोणी विचारत नाही.

माझा जन्म मनिलातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. बाहेरून पत्रा, आत चिनी मातीची बैठक, एका बाजूला वर-खाली होणारं हँडल. पण माझा जीव म्हणजे फ्यूजच्या बारीक तारा. फ्यूज म्हणजे काय हे तुम्हाला शाळेत शिकवतात आणि परीक्षा झाली की तुम्ही विसरता, म्हणून पुन्हा सांगते. घरातल्या तारांना झेपणार नाही एवढी वीज धावू लागली, की ही बारीक तार आधी वितळते आणि वाट तोडते. ती मरते, घर वाचतं. घरात अंधार होतो आणि लोक तिला शिव्या देतात. नोकरीचं स्वरूप असं आहे.

मला या भिंतीवर बसवलं घरमालक मनोंग, म्हणजे दादा, युसेबियोने. तो तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर बस चालवायचा. खांबावरून घरात तीन तारा आल्या. मधली आणि कडेची कुठलीही एक धरली तर एकशे दहा व्होल्ट. कडेच्या दोन्ही धरल्या तर दोनशे वीस. ‘धरली’ हा शब्द मी हिशेबापुरता वापरते आहे. प्रत्यक्षात एकही धरू नये.

आमच्या गावात हे असंच आहे. पूर्वी इथे अमेरिकनांची छावणी होती. ते गेले, त्यांचे व्होल्ट राहिले. त्यामुळे एकाच खोलीत दोन्ही प्रकारचे सॉकेट असतात, आणि दोन्हींना त्याच दोन चपट्या फटी. चुकीचा प्लगही न कुरकुरता आत जातो. म्हणून युसेबियोने बसचा उरलेला लाल रंग घेतला आणि दोनशे वीसच्या प्रत्येक सॉकेटभोवती जाड चौकट काढली. लाल म्हणजे दोनशे वीस, पांढरं म्हणजे एकशे दहा. सगळं घर त्या लाल रंगावर चालायचं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. एकदा इस्त्रीची वायर आतून उघडी पडली आणि तारेला तार लागली. माझा फ्यूज तत्क्षणी उडाला. युसेबियोने हँडल खाली ओढलं, हात कोरडे केले, नवी बारीक तार बसवली आणि माझ्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, जशा तो घाट उतरल्यावर बसला मारायचा.

मग बसची नोकरी संपली आणि वरच्या खोल्यांत मुली राहायला आल्या. त्यांच्याबरोबर राइस कुकर आले, इस्त्र्या आल्या, केस वाळवायचे पंखे आले. सप्टेंबर लागला की आमच्याकडे नाताळ सुरू होतो, म्हणून दिव्यांच्या माळाही आल्या. एका सॉकेटात तीन फाट्यांचा प्लग, त्यात लांब वायर, त्या वायरीच्या टोकाला आणखी तीन फाटे. मी इमानाने फ्यूज उडवत राहिले. मनांग, म्हणजे ताई, लुडिविना, युसेबियोची बायको, मेणबत्ती घेऊन यायची आणि म्हणायची, “लाकाय, ही पुन्हा रुसली बघ.” लाकाय म्हणजे म्हातारबा. तोही तिला प्रेमाने बाकेत म्हणतो, म्हणजे म्हातारे.

युसेबियोने आयुष्यभर घाटात बंद पडलेली बस हाताला लागेल त्या वस्तूने चालू केली होती. एके दिवशी त्याने माझं झाकण उघडलं आणि फ्यूजच्या जागी बसच्या वायरमधली तांब्याची जाड तार पिळून बसवली.

“आता बघू कशी जाते.”

गेले नाही. जाऊच शकत नव्हते. ती तार वितळण्याआधी घर वितळलं असतं. आणि मित्रांनो, माझी खरी स्तुती त्यानंतर सुरू झाली. “किती गुणी झाली हल्ली.” “जुन्या वस्तूंची बातच वेगळी.” ज्या वर्षांत मी काडीचं काम केलं नाही, त्या वर्षांत माझ्याएवढं नाव कोणाचं नव्हतं. तारा तापत राहिल्या, जोड सैल होत गेले, मी कोमट झाले आणि माझ्यावर मोजे आले.

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेत नर्स असलेल्या मुलीचा, रोवेनाचा, फोन आला. फोन माझ्याखालच्या टेबलावर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

“नानांग, तातांगचं घोरणं मध्येच थांबतं का?” नानांग म्हणजे आई, तातांग म्हणजे बाबा.

“थांबतं. तेवढाच आराम मला.”

“तो आराम नाही, नानांग. तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला असतो.”

लुडिविना खुर्ची ओढून बसली. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं: झोपताना नाकावर मुखवटा लावून हवा देणारं मशीन लागेल. रोवेनाने ते नाताळात स्वतः आणायचं ठरवलं.

“किती व्होल्टचं आहे गं?” लुडिविनाने विचारलं.

“इकडचं आहे. म्हणजे एकशे दहाचंच असणार.”

तेव्हापासून लुडिविनाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. म्हातारा झोपेत मरता कामा नये.

मुलगी येणार म्हणून घराला रंग द्यायचा ठरला. रंगवायला आला पारे नेस्तोर, युसेबियोचा जुना मित्र आणि बाप्तिस्म्यापासून रोवेनाचा धर्मपिता; या नात्यात पुरुषाला पारे आणि बाईला मारे म्हणतात. लुडिविना बाजारात गेली होती. परत आली तेव्हा सगळं घर दुधाच्या सायीसारखं झालं होतं. भिंती, दारं, मी, आणि प्रत्येक सॉकेट.

“पारे, लाल कुठंय?”

“मारे, फार घाण दिसत होतं. दोनदा हात मारला तेव्हा कुठे झाकलं.”

“ती घाण नव्हती. ते दोनशे वीस होतं.”

“मग आधी सांगायचं ना.”

“तुझ्या घरात तू कसं ओळखतोस?”

“माझ्याकडे शेजाऱ्याकडून वायर ओढलीय. तो देईल ते घ्यायचं. नावं ठेवायची नाहीत.”

युसेबियो खुर्चीतून म्हणाला, “कशाला घाबरता? मला सगळं पाठ आहे. खिडकीखालचं एकशे दहा.”

“खिडकीखालचं दोनशे वीस होतं, लाकाय.”

“मी बसवलंय का तू?”

“इस्त्री मी करते का तू?”

पुढच्या दिवसांत घराने चुका करून अभ्यास केला. एका मुलीने दोनशे वीसचा राइस कुकर एकशे दहात लावला. दाब, म्हणजे व्होल्ट, निम्मा झाला की उष्णता निम्मी नाही, पावच राहते. तो भात दुपारपर्यंत शिजला नाही, आणि शिजणार नाही असंही म्हणाला नाही. यात फक्त जेवण बुडालं. उलटी चूक झाली तेव्हा प्रकरण वेगळं होतं.

धुक्याची सकाळ होती. सगळ्या मुली एकाच वेळी पाणी तापवत, केस वाळवत होत्या. खाली नेस्तोर उरलेल्या रंगाच्या निमित्ताने कॉफी प्यायला आला होता. जुन्या बाजारातून आणलेलं एकशे दहाचं कॉफीचं भांडं त्याने खिडकीखाली लावलं. खिडकीखालचं दोनशे वीस होतं. इस्त्री लुडिविना करते, तिचंच खरं होतं.

भांड्याने उष्णता चौपट ओढली, भलताच आवाज काढला आणि आतल्या आत वितळून तारेला तार लावली. हा माझा क्षण होता. याचसाठी मी भिंतीवर होते. आणि माझ्या छातीत बसचं तांबं होतं. ते ढिम्म हललं नाही. फळीमागच्या तारा तापू लागल्या, पाइनच्या राळेचा वास सुटला. माझ्या सैल जोडाशी ठिणगी उडाली. जे माझ्या फ्यूजने करायचं ते शेवटी एका मोज्याने केलं. तो करपला.

“कोणाचा मोजा जळतोय?” म्हणत लुडिविना स्वयंपाकघरातून आली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओले हात झग्याला पुसून कोरडे केले आणि माझं हँडल खाली ओढलं. घर गप्प झालं. नेस्तोर रंगाची बादली उचलून पाणी शोधत होता.

“पाणी नको,” ती म्हणाली. “विजेच्या आगीवर पाणी ओतशील तर आधी तू जाशील.”

“मी आपला तयारीत होतो, मारे.”

परवान्याचा वायरमन आला, खांबावरून वीज बंद करून त्याने मला उघडलं. तांब्याची तार काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती युसेबियोच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

“ही कुठली?”

“बसची.”

“बस कुठंय?”

“भंगारात.”

“मग ही तिच्याबरोबर का नाही गेली?”

म्हाताऱ्याने कप तारेपासून दूर सरकवला. “बारीक तार घातलीस तर रोज जाईल ती, बाकेत.”

“जाऊ दे. तिचं कामच ते आहे. गेली की कशाने गेली ते शोधायचं. तिला दांडकं बांधून उभं करायचं नाही.”

“एवढ्या खटपटीपेक्षा ते मशीनच नको मला. इतकी वर्षं घेतला की श्वास, मशीनशिवाय.”

“घेतला. आणि मधेच सोडून देतोस. मी कोपराने ढोसते म्हणून पुन्हा घेतोस. माझं कोपर म्हातारं झालंय, लाकाय.”

तो उठला आणि करपलेली फळी काढायला स्वतः पहार घेऊन आला.

मग लुडिविनाने जे केलं ते मी भिंतीवरून पाहिलं. वायरमनने जळलेल्या तारा बदलल्या, जोड आवळले, वरच्या मजल्यासाठी वेगळी जाड तार टाकली, माझ्या बैठकीत योग्य मापाचे फ्यूज बसवले. तो गेल्यावर तिने दोनशे वीसचा एक बल्ब होल्डरमध्ये बसवला, त्याला प्लग लावून घेतला, आणि हात व पाय कोरडे ठेवून प्रत्येक सॉकेटपाशी गेली. बल्ब मंद लागला की एकशे दहा. झगझगीत लागला की दोनशे वीस. लाल रंग उरला नव्हता, म्हणून वरच्या मुलींकडून नखांचं लाल पॉलिश आणलं आणि चौकटी काढल्या. गुडघे दुखत होते, तरी पलंगामागचा सॉकेटही सोडला नाही. पॉलिश संपलं की जिन्याखाली उभी राहून हाक मारायची, “अजून कोणाकडे आहे?” गुलाबी आलं तर परत पाठवायची. म्हाताऱ्याच्या उशाशी एकशे दहाचा सॉकेट होता. त्याला तिने चौकट काढली नाही, पण वर पाटीएवढ्या अक्षरांत ‘११०’ लिहिलं, आणि तिथे दुसरं काहीही लावायला घरभर बंदी घातली. नेस्तोरला तर त्या खोलीतच बंदी.

वरच्या मुलींना नियम मिळाला: तापणाऱ्या वस्तू एका वेळी एकच. पहिल्या आठवड्यात कोणीतरी तो मोडला आणि माझा फ्यूज उडाला. अंधारात वरून ओरड झाली. लुडिविना मेणबत्ती घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

नाताळच्या आधी रोवेना आली. मिठ्या झाल्या, रडणं झालं, बिबिंका, म्हणजे नाताळातला तांदळाचा केक, खाऊन झाली. मग तिने खोक्यातून मशीन काढलं. सगळे उशाशी उभे राहिले, नेस्तोर दाराबाहेरून मान घालून. लुडिविनाने प्लग हातात घेतला, ‘११०’ वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लावला. मशीन हळूच घुमू लागलं. मुखवट्यातून युसेबियो म्हणाला, “घाटातली हवा आहे.” मग झोपला. छाती वर-खाली होत राहिली, कोपर न लागता.

रोवेनाने भिंतींकडे पाहिलं. “नानांग, घराची नखं कोणी रंगवली?”

सगळी हकीकत ऐकल्यावर तिने मशीनची जाडजूड प्लगवाली डबी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं: शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. घरातल्या कुठल्याही सॉकेटात ते चाललं असतं.

मित्रांनो, मग लुडिविनाची मेहनत वाया गेली का? काढलेल्या फळीच्या पाठीवरचा करपलेला डाग बघा आणि तुम्हीच सांगा. माझी एवढीच विनवणी आहे. प्लग आत गेला म्हणजे वस्तू चालेल असं समजू नका. तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि फोनवर ऐकून नाही, प्रत्यक्ष वाचा. फ्यूज वस्तूला वाचवत नाही, घराला वाचवतो, म्हणून त्याच्या जागी तार, खिळा, नाणं काहीही घालू नका. तो उडाला तर मोठ्या माणसांना सांगा. पेटी तुम्ही उघडू नका. ओल्या हाताने काहीच करू नका. आणि तुमच्या घरातली फ्यूजपेटी कधी कोमट लागली, तर ती प्रेमळ आहे असं समजू नका. ती आजारी आहे.

मी आता बर्फासारखी थंड आहे. माझ्यावर कोणी काही वाळत घालत नाही.

ते मशीन मात्र चालताना किंचित कोमट होतं. काल त्याच्यावर एक मोजा होता.