दारूला न शिवणारा

फुलपात्राच्या काठाला एक थेंब लोंबत होता, पडत मात्र नव्हता... दत्तोपंत वकिलांच्या ओसरीवर लंकाबाई त्याच्याकडेच बघत बसली होती. समोर वकील तिचीच साक्ष तिला वाचून दाखवत होते — ‘माझा भिमाजी दारूला शिवत नाही. त्या दिवशीही प्यायला नव्हता.’

हे आपणच बोललो. नगरच्या कोर्टात, शपथेवर, चांगलं ठणकावून! कारण मागच्या बाकावर कारभारी बसला होता — तिच्या लेकीचा, कडूबाईचा, होणारा सासरा — आणि बांधावरच्या भांडणात भिमाजीनं शेजारच्या शेतातल्या बन्सीला डोक्यात कुऱ्हाड घालून मारलं, हे त्या बाबानं पचवलं होतं. रागाच्या भरात होतं, म्हणाला. पण दारुड्याची बहीण? ती त्यानं उंबऱ्याच्या आत घेतली नसती. गावाची रीतच मेली तशी उफराटी. लढाईचे दिवस, लग्न साध्यातच उरकलं, कडूबाई नांदायला गेली... आणि भिमाजीला फाशीची शिक्षा झाली.

‘स्वतःहून प्यायला म्हणून गुन्हा माफ होत नाही, बाई,’ वकील म्हणाले. ‘पण काय करतोय हेच कळेना इतका प्यायला होता, असं दिसलं असतं, तर जिवे मारायचा हेतू नव्हता म्हणून मुंबईच्या अपिलात निदान फाशी टळली असती. त्याला पिताना पाहिलेलं कुणी साक्षीला नाही. त्यात आईच म्हणते, प्यायला नव्हता.’

‘मंग आता सांगते की! प्याला हुता. लई प्याला हुता.’

‘आता वरचं कोर्ट हेच कागद वाचणार, नवी साक्ष सहसा घेत नाही. मी अर्ज करीन, पण...’ ते चष्मा पुसत राहिले.

लंकाबाई उठली नाही. त्या सांजेला बांधावरून परतलेला भिमाजी चौकट धरून उभा राहिला होता, आणि तिच्याच तोंडाकडे बघत म्हणाला होता, ‘मावशे, माझी आय कुठं हाय?’ — मीच हाय रं, मुडद्या! — ‘न्हाई... आयला बोलीव’... केवढी लाजली होती ती! शेजारी ऐकतील म्हणून तिनं त्याचं तोंड दाबलं, डोक्यावर घागर ओतली, वास जावा म्हणून कच्चा कांदा चावायला लावला, आणि शुद्धीवर ये रं, शुद्धीवर ये, म्हणत बसली...

आला की शुद्धीवर. आता तुरुंगात तो पुरता शुद्धीवर आहे. भेटीला गेलं की गजाआडून लांबूनच ओळखेल, आये म्हणून हाक मारील. तिचा जीव तुटला. आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, कुणीतरी त्याला पाजावी... इतकी, की गळ्यात दोर पडताना त्याला कुणाचीच ओळख राहू नये.